टर्मिनल एडिटरच्या स्क्रीन टेस्ट: प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

आमचा एडिटर टर्मिनलमध्ये, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या खिडकीत चालतो, आणि त्याच्या डिस्प्ले कोडला, म्हणजे स्क्रीन काढणाऱ्या भागाला, आजपर्यंत एकही नीट टेस्ट नव्हती. बफरला (उघडलेल्या फाइलचा मजकूर) आहेत, अनडूला आहेत, फाइल सेव्ह करायला आहेत, पण जे माणसाला दिसतं त्यालाच नाही. आता इथून पुढे तेच काम.

थोडी पार्श्वभूमी लिहून ठेवतो, नंतर कामाला येईल. आमचा एडिटर किलोवरून सुरू झाला. किलो म्हणजे रेडिस हा डेटाबेस लिहिणाऱ्या साल्वातोरे सानफिलिप्पोने २०१६ मध्ये लिहिलेला हजार ओळींच्या आतला सी मधला एडिटर, वाचायला फार सुंदर. किलो प्रत्येक की दाबल्यावर सगळी स्क्रीन पुन्हा काढतो, आणि म्हणूनच त्याच्यात डिस्प्लेचे बग फारसे होत नाहीत, चुकलं तरी पुढच्या कीला दुरुस्त होतं. आम्हाला मात्र मराठी नोंदी एसएसएचवरून (नेटवरून दूरच्या मशीनवर) लिहायच्या होत्या, स्लो नेटवर प्रत्येक अक्षराला ८० गुणिले २४ म्हणजे १९२० सेल (एकेका अक्षराची घरं) परत पाठवायचे म्हटलं की स्क्रीन लुकलुकते. त्यामुळे मागच्या वर्षी आधीची स्क्रीन लक्षात ठेवून फक्त बदललेलं पाठवायचं असं केलं आणि तिथून तक्रारी सुरू झाल्या. सगळ्या एकाच सुरात: खाली कचरा राहतो, कर्सर भलतीकडे दिसतो, कंट्रोल-एल दाबलं की ठीक होतं.

कंट्रोल-एल, म्हणजे सगळी स्क्रीन नव्याने काढायची की, हाच मुद्दा आहे. व्हिममध्येही आहे, ईमॅक्ससारख्या जुन्या एडिटरमध्येही आहे, सगळ्यांना पाठ आहे. म्हणजे स्क्रीन बिघडणार हे लोकांनी गृहीतच धरलंय. मला ते गृहीत धरायचं नाहीये.

१४ जानेवारी

संक्रांतीची सुट्टी टाकली होती, दुपारी बसलो.

पहिला प्रश्न तपासायचं काय. सगळ्यात सोपं म्हणजे एडिटर टर्मिनलला ज्या बाइट्स पाठवतो त्या फाइलमध्ये धरायच्या आणि पुढच्या वेळी तुलना करायची. रिपॉझिटरीच्या कोपऱ्यात असा एक प्रयोग पडलेला आहे आणि तो कोणी चालवत नाही, कारण त्याचा उपयोग नाही. कर्सर पाचव्या कॉलमला न्यायला थेट जागा सांगता येते, चार वेळा उजवीकडे सरकवता येतं, नाहीतर मधली अक्षरं परत लिहिता येतात. बाइट्स तिन्ही वेळा वेगळ्या, स्क्रीन तीच. ऑप्टिमायझेशनला हात लावला की सगळ्या टेस्ट लाल, आणि खरा बग असला तर तो या लालीत दिसतच नाही.

म्हणून बाइट्स एका खोट्या टर्मिनलला द्यायच्या आणि त्याच्या ग्रिडमध्ये काय उमटलं ते बघायचं. लिबव्हीटर्म घेतली. व्हिम आणि त्याच्यातून निघालेला निओव्हिम दोघंही आतल्या टर्मिनलसाठी हीच लायब्ररी वापरतात, तिला खिडकी लागत नाही, बाइट्स द्या आणि कुठल्या ओळीत कुठल्या कॉलमला कोणतं अक्षर, कोणता रंग, कर्सर कुठे ते विचारा. एडिटर स्यूडो-टर्मिनलवर चालवायचा म्हणजे त्याला वाटतं समोर खरंच माणूस बसलाय.

संध्याकाळपर्यंत पहिली टेस्ट चालली. रिकामी फाइल उघडली, तीन अक्षरं टाइप केली, ग्रिड बरोबर आलं. लय भारी वाटलं.

१८ जानेवारी

बाकीचे कसं करतात ते वाचण्यात दिवस गेला, आणि वाया नाही गेला.

व्हिमची ८.१ आवृत्ती मे २०१८ ला आली, त्यात टर्मिनल विंडो हे मुख्य आकर्षण होतं, आणि त्याच विंडोचा उपयोग व्हिमने स्वतःच्या टेस्टसाठी केला. व्हिमच्या आत टर्मिनल, त्या टर्मिनलमध्ये दुसरा व्हिम, आणि बाहेरचा व्हिम आतल्याची स्क्रीन फाइलमध्ये उतरवून घेतो. त्या डंप फाइलचं स्वरूप बघण्यासारखं आहे. प्रत्येक सेल उभ्या रेघेने सुरू होतो, जिथे कर्सर आहे तिथे रेघेऐवजी मोठेपणाचं चिन्ह (>), तेच अक्षर पुन्हा पुन्हा आलं तर ॲट (@) आणि आकडा. रंगही त्यातच. टेस्ट फेल झाली की दोन्ही डंप वर-खाली आणि मधे फरक असं व्हिममध्येच उघडता येतं. व्हिम लिहिणाऱ्या ब्राम मोलेनार यांनी टेस्ट फेल झाल्यावर माणूस काय करेल याचा किती विचार केला होता ते यात दिसतं. पास होणारी टेस्ट कोणी बघत नाही, फेल होणारीच वाचली जाते.

निओव्हिमचा रस्ता वेगळा. तिथे गाभा आणि यूआय (स्क्रीन दाखवणारा भाग) वेगळे आहेत, गाभा यूआयला "या ओळीत हे लिही", "एवढा भाग सरकव" असे इव्हेंट पाठवतो आणि शेवटी फ्लश पाठवतो, म्हणजे आता स्क्रीन पूर्ण झाली. टेस्ट स्वतःच एक यूआय बनून ते इव्हेंट ऐकते आणि ल्युआमध्ये लिहिलेल्या ग्रिडशी ताडून बघते. ग्रिड साध्या मजकुरासारखं, कर्सरच्या जागी टोपीचं चिन्ह (^). वाचायला डंपपेक्षा सोपं पडतं. पण टर्मिनलला प्रत्यक्ष काय जातं ते यात येत नाही, त्यासाठी त्यांच्या वेगळ्या टेस्ट आहेत, निओव्हिमच्या आत निओव्हिम चालवणाऱ्या.

आमचे बग शेवटच्या टप्प्यातले आहेत, बाइट्स बनवतानाचे. त्यामुळे पद्धत व्हिमसारखी आणि ग्रिड लिहायचं निओव्हिमसारखं, असं ठरवलं. आणि ग्रिड छोटं ठेवायचं, १० ओळी ४० कॉलम. मोठ्या स्क्रीनचा डंप कोणी वाचत नाही, नुसतं "अपडेट करा" म्हणून पुढे जातात, आणि एकदा न वाचता अपडेट करायची सवय लागली की ती टेस्ट संपली.

२२ जानेवारी

स्क्रीन कधी बघायची हा प्रश्न आहे. की पाठवली आणि लगेच ग्रिड वाचलं तर अर्धवट काढलेली स्क्रीन मिळते. थोडं थांबून वाचलं तर माझ्या मशीनवर चालतं आणि सीआयवर (दर बदलाला टेस्ट आपोआप चालवणाऱ्या मशीनवर) कधीतरी फेल होतं, आणि कधीतरी फेल होणाऱ्या टेस्टवर आठवड्याभरात कोणाचा विश्वास राहत नाही. व्हिम आणि निओव्हिम दोघंही जुळेपर्यंत पुन्हा पुन्हा बघतात आणि वेळ संपली की फेल म्हणतात. हे चालतं, पण "काहीच बदलायला नको" अशी टेस्ट असेल तर पहिल्याच नजरेला जुळतं आणि चूक नंतर येते.

आम्ही खूण ठेवली. टेस्ट चालू असताना एक खास की पाठवायची, एडिटर आधीच्या सगळ्या की संपवून, स्क्रीन काढून, मग एक अनोळखी एस्केप सिक्वेन्स (टर्मिनलला हुकूम देणाऱ्या बाइट्स) पाठवतो ज्यात अनुक्रमांक असतो. लिबव्हीटर्मला न कळलेल्या सिक्वेन्ससाठी कॉलबॅक (आपलं फंक्शन) लावता येतो, तिथे आकडा आला की ग्रिड वाचायचं. आता कुठेही स्लीप, म्हणजे ठरावीक वेळ थांबणं, नाहीये. सगळ्या टेस्ट डोळ्याची पापणी लवायच्या आत संपतात.

२६ जानेवारी

सुट्टी, पण सीआय लाल. दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

एक, किलोकडून आलेला स्टेटस मेसेज ५ सेकंदांनी जातो. सीआयच्या स्लो मशीनवर तो कधी असायचा कधी नसायचा. एडिटर वेळ जिथून विचारतो तिथे आता फंक्शन पॉइंटर आहे, टेस्टमध्ये घड्याळ आपण पुढे सरकवतो तेव्हाच सरकतं. याचा फायदा असा की "मेसेज गेल्यावर ती ओळ नीट पुसली का" हे पण आता तपासता येतं.

दुसरं जास्त मजेशीर. सीआयच्या कंटेनरमध्ये लोकॅल (भाषा आणि अक्षरसंचाची सेटिंग) सेटच नव्हतं, आणि अशा वेळी ग्लिबसी या सी लायब्ररीचं डब्ल्यूसीविड्थ फंक्शन आस्कीबाहेरच्या, म्हणजे साध्या इंग्रजी संचात नसलेल्या, अक्षराची रुंदी उणे १ सांगतं. आमचा कोड ती रुंदी सरळ बेरजेत घ्यायचा, म्हणजे "मराठी" लिहिलं की कर्सर डावीकडे! हे कोणाच्यातरी सर्व्हरवर पण होत असणार. रुंदीचं टेबल आता एडिटरच्या आतच ठेवलंय, लोकॅलवर काही अवलंबून नाही.

२ फेब्रुवारी

शेवटच्या कॉलमचा बग सापडला, जुनी तक्रार होती "लांब ओळीचं शेवटचं अक्षर दिसत नाही" आणि ती कोणालाच परत घडवून दाखवता येत नव्हती.

ही व्हीटी१०० या टर्मिनलच्या काळापासूनची, म्हणजे १९७८ पासूनची गंमत. ८० व्या कॉलममध्ये अक्षर लिहिलं की कर्सर लगेच पुढच्या ओळीत जात नाही, ८० वरच थांबतो आणि "पुढचं अक्षर आलं की वळायचं" अशी खूणगाठ मनात ठेवतो. आमचा कोड किलोच्याच पद्धतीने ओळ लिहून झाल्यावर "इथून ओळीच्या शेवटापर्यंत पुसा" पाठवायचा. ओळ बरोबर ८० ची भरली तर "इथून" म्हणजे ८० वा कॉलम, आणि आत्ताच लिहिलेलं अक्षर पुसलं जातं. ७९ ला नाही, आणि ८१ ची ओळ कापून ८० केली तरी तेच. आता पुसणं आधी, लिहिणं नंतर.

रुंदीच्या एक अलीकडे, बरोबर रुंदीइतकी आणि एक पलीकडे, अशा तीन ओळी आता प्रत्येक टेस्टच्या नमुना फाइलमध्ये आहेत.

८ फेब्रुवारी

आज या प्रकल्पातली सगळ्यात महत्त्वाची टेस्ट लिहिली, त्यामुळे सविस्तर.

हाताने लिहिलेल्या ग्रिडमध्ये तेवढंच सापडतं जेवढं आपल्याला सुचलं. पण डिस्प्लेचे बग क्रमावर असतात, म्हणजे आधी खाली स्क्रोल, मग दोन ओळी पेस्ट, मग अनडू, मग विंडो विभागली, असलं काहीतरी जे कोणी बसून लिहिणार नाही. इथे आपल्याला एक आयतं उत्तर मिळतं: फक्त बदललेलं काढून जी स्क्रीन होते ती सगळं नव्याने काढलेल्या स्क्रीनसारखीच असली पाहिजे. नेहमी. कुठलाही क्रम असो. म्हणजे अपेक्षित ग्रिड लिहायचीच गरज नाही, रँडम की पाठवत राहा आणि तुलना करा.

पहिला विचार असा होता की प्रत्येक की नंतर ग्रिड घ्यायचं, मग कंट्रोल-एल, मग परत ग्रिड, दोन्ही सारखे पाहिजेत. हे करून पाहिलं आणि जवळजवळ काहीच सापडेना. कारण कंट्रोल-एलने स्क्रीन दर वेळी बरी होते, आणि आमचे बग साचत जाणारे आहेत, एका कीला एडिटरची समजूत चुकते आणि पाच की नंतर दिसतं. म्हणून दोन एडिटर चालवायचे, शेजारी शेजारी, दोन वेगळे टर्मिनल. एक नेहमीसारखा, दुसऱ्याला "दर वेळी सगळं काढ" असा फ्लॅग. दोघांना त्याच की, त्याच क्रमाने, प्रत्येक कीनंतर दोन्ही ग्रिड एकमेकांशी.

चालू केलं आणि चहा ठेवायला उठलो तोवर फेल.

सीड (ज्या आकड्यावरून तोच रँडम क्रम परत मिळतो) छापतोच, पण ३०० कींचा क्रम बघून काही कळत नाही, त्यामुळे छाटणी पण लिहिली, क्रमातले तुकडे काढत जायचे आणि अजून फेल होतंय का बघायचं. पहिला बग छाटून इतका उरला: "क" लिहा, मग अनुस्वार. बस! स्क्रीनवर "क" च राहतो. आधीचा सेल आणि नवा सेल यांची तुलना करणारं फंक्शन फक्त पहिलं कोडपॉइंट (युनिकोडचं एक चिन्ह) बघत होतं, क बरोबर क, म्हणजे बदल नाही, म्हणजे पाठवायचं नाही. इंग्रजीत हा बग आयुष्यात कधी दिसला नसता. "कंट्रोल-एल दाबलं की अनुस्वार येतात" ही तक्रार आम्ही फॉन्टवर ढकलून बंद केलेली होती, ती आज परत उघडली आणि खरोखर बंद केली.

दुसरा स्क्रोलचा. मधला भाग सरकवायला आपण स्क्रोलची हद्द ठरवतो आणि काम झालं की ती काढून टाकतो. हद्द ठरवली किंवा काढली की टर्मिनल कर्सरला वरच्या डाव्या कोपऱ्यात नेतं, आमच्या कोडला मात्र तो होता तिथेच वाटत होता.

जेम्स गॉसलिंगने त्याच्या ईमॅक्ससाठी स्क्रीन कमीत कमी बाइट्समध्ये बदलायची पद्धत १९८१ मध्ये निबंध लिहून मांडली, आणि त्या कोडच्या सुरुवातीला कवटी आणि हाडांचं चित्र काढून ठेवलं होतं, की समजल्याशिवाय हात लावू नका. त्या चित्राची गरज का पडली ते अशा दिवशी समजतं. आणि ही टेस्ट असेल तर हात लावायला भीती वाटत नाही, हा तिचा खरा उपयोग.

१० फेब्रुवारी

ग्रिडच्या तुलनेत रंग पण घेतले. लगेच एक सापडला: सिलेक्शन चालू असताना स्क्रोल केलं की खालून येणारी रिकामी ओळ सिलेक्शनच्या रंगात येते, कारण बरीच टर्मिनल नवी ओळ चालू बॅकग्राउंडच्या रंगाने भरतात. नुसता मजकूर ताडला असता तर रिकामी ओळ ती रिकामीच.

१९ फेब्रुवारी

शिवजयंतीची सुट्टी. पूर्ण दिवस मराठीच्या रुंदीवर.

रँडम टेस्ट हिरवी आहे, अनुस्वाराचा बग गेलाय, आणि तरी काही टर्मिनलवर मराठी ओळीत कर्सर चुकतो हे डोळ्यांनी दिसतंय. मग हाताने एक ग्रिड लिहिलं, ओळीत फक्त "काही नाही", कर्सर शेवटी. फेल. एडिटरच्या मते ओळ ५ सेलची, लिबव्हीटर्मच्या मते ९.

कारण असं. आमच्या टेबलात सगळी जोडचिन्हं शून्य रुंदीची आहेत, काना असो की उकार. लिबव्हीटर्ममध्ये मार्कस कून यांचा जुना, खूप ठिकाणी पोचलेला रुंदीचा कोड आहे आणि तो युनिकोडच्या वर्गाप्रमाणे जातो. उकार, मात्रा, अनुस्वार, हलन्त यांना जागा नाही, पण काना, दोन्ही वेलांट्या, ओकार, विसर्ग यांना प्रत्येकी एक सेल. त्यामुळे "कुठे" दोन्हीकडे २ आणि "काही" इकडे २ तिकडे ४. प्रत्यक्ष टर्मिनलमध्येही असेच दोन पंथ आहेत. रँडम टेस्टला हे दिसणं शक्यच नव्हतं, कारण दोन्ही एडिटर एकच टेबल वापरतात, दोघं सारखेच चुकतात.

फोनवर मित्राशी बोललो, तो म्हणाला, "अरे, मग लिबव्हीटर्मला आपलंच टेबल दे ना, मॅक्रो आहेत त्यात, व्हिमने तसंच केलंय." खरं आहे. व्हिम आपल्यासोबतची लिबव्हीटर्म बिल्ड करताना रुंदी आणि जोडचिन्हं या दोन्हींसाठी स्वतःची फंक्शनं तिला देतं. व्हिमच्या आत टर्मिनल उघडायचं असेल तर ते बरोबरच आहे, आत आणि बाहेर एकमत पाहिजे. पण टेस्टसाठी असं केलं तर ते स्वतःचाच पेपर स्वतः तपासल्यासारखं होईल. टेस्ट हिरव्या होतील आणि वापरणाऱ्याच्या स्क्रीनवर कर्सर चार घरं बाजूलाच राहील. त्याला म्हटलं, "मॅक्रो वापरू, पण उलट कामाला." लिबव्हीटर्म दोनदा बिल्ड करायची, एक कून यांच्या रुंदीची, एक सगळी जोडचिन्हं शून्य मानणारी, आणि प्रत्येक टेस्ट दोन्हींवर चालली पाहिजे. थोडा वाद झाला, शेवटी त्याला पटलं.

२३ फेब्रुवारी

मग एडिटरने काय करायचं? टर्मिनललाच विचारायचं. सुरू होताना पहिल्या कॉलमला "की" लिहायचं आणि कर्सर कुठे आहे विचारायचं. उत्तर २ आलं तर वेलांटीला जागा नाही, ३ आलं तर आहे. मग पुसून टाकायचं. व्हिम अशीच युक्ती काही चिन्हांच्या रुंदीसाठी आधीपासून वापरतं, आम्ही ती काना-वेलांटीला लावली. उत्तर आलंच नाही तर कून यांचा हिशोब धरायचा.

हार्नेसमध्ये, म्हणजे टेस्ट चालवणाऱ्या कोडमध्ये, लिबव्हीटर्मचं उत्तर परत एडिटरला पोचवावं लागतं, ते केल्यावर दोन्ही बिल्ड हिरव्या झाल्या. त्यानंतर मुद्दाम उत्तर उशिरा पाठवणारी, आणि उत्तराच्या आधी दोन की घुसवणारी अशा टेस्ट टाकल्या, कारण एसएसएचवर माणूस एडिटर उघडायच्या आतच टाइप करायला लागतो आणि ते उत्तर फाइलमध्ये मजकूर म्हणून उमटणं फार वाईट.

२ मार्च

इथे ग्रिड अपुरं पडलं आणि बाइट्सकडे परत जावं लागलं.

कून हिशोबात "की" म्हणजे दोन सेल, पहिल्यात क, दुसऱ्यात वेलांटी. "का" चं "की" केलं तर फक्त दुसरा सेल बदलतो, आणि आमचा डिफ (बदल शोधणारा कोड) कर्सर दुसऱ्या सेलवर नेऊन एकटी वेलांटी पाठवतो. ग्रिडच्या हिशोबाने बरोबर, टेस्ट पास. पण ज्या टर्मिनलला वेलांटी मागच्या अक्षराला जोडायची असते त्याला ती अशी सुटी मिळते, आणि मग ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं. पहिली वेलांटी तर अक्षराच्या डावीकडे काढायची असते, ती एकटी गेली तर बिचाऱ्या टर्मिनलने काय करावं.

ग्रिडला अक्षराचा आकार कळत नाही, सेलमध्ये काय ठेवलं तेवढंच कळतं. पण बाइट्सवर एक नियम लावता येतो: कर्सर हलवल्यानंतर किंवा रंग बदलल्यानंतर पाठवलेलं पहिलं अक्षर जोडचिन्ह असता कामा नये, आणि हलन्तानंतर व्यंजन येणार असेल तर त्यांच्या मधे काही घुसता कामा नये. हा नियम हार्नेसमध्ये कायमचा बसवला, प्रत्येक टेस्टमध्ये आपोआप तपासला जातो. डिफ आता सेलऐवजी पूर्ण अक्षर धरून चालतो, म्हणजे "क्ष" चा ष बदलला तर क पासून परत जातं. युनिकोडने सप्टेंबर २०२३ मधल्या १५.१ आवृत्तीत देवनागरीसारख्या लिप्यांची जोडाक्षरं अखंड धरायचा नियम आणला, तोच घेतला, स्वतःचा काही शोधला नाही.

सिलेक्शन जोडाक्षराच्या मधोमध संपलं तर रंग मधेच बदलायचा, तोही बग या नियमाने पकडला. आता सिलेक्शन पूर्ण अक्षरावरच थांबतं. खरं तर आधीपासून तसंच हवं होतं.

८ मार्च

मुख्य ब्रांचमध्ये गेलं. दर कमिटला ठरलेले सीड, दोन्ही रुंदीच्या बिल्डवर, रात्री नवे सीड तासभर. फेल झालेला प्रत्येक क्रम छाटून टेस्ट म्हणून कायमचा जमा होतो, आणि त्याच्यासोबत अपेक्षित ग्रिडही हाताने लिहायचं, कारण दोन्ही एडिटर उद्या सारखेच चुकले तर रँडम टेस्ट गप्प बसेल.

राहिलंय ते खिडकीचा आकार बदलणं. हार्नेस स्यूडो-टर्मिनलचा आकार बदलतो आणि लिबव्हीटर्मचाही, पण या दोन्हींच्या मधे एडिटरने जुन्या आकाराच्या बाइट्स पाठवून ठेवलेल्या असतात, आणि त्या लहान झालेल्या ग्रिडवर पडल्या की दोन एडिटरची स्क्रीन थोडा वेळ खरोखरच वेगळी असते. खूण परत येईपर्यंत तुलना करायची नाही आणि आकार बदलल्यावर एकदा सगळं काढायचं, एवढ्याने काम होतंय असं दिसतंय. १ कॉलमची खिडकी आणि त्यात "काही" टाकून बघायचंय, मित्र म्हणतो असं कोण करतं, पण टर्मिनल मधोमध विभागताना एखाद्या क्षणी ती तेवढी होतेच. ती टेस्ट उद्या.